प्रार्थना, संमती आणि अनुच्छेद २८ : नाशिक येथील एका निवाड्याचे परीक्षण

नाशिक येथील एका माध्यमिक शिक्षकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये दिलेला निर्णय अल्पाक्षरी आहे, आणि त्याचा निष्कर्ष योग्यच आहे. परंतु ज्या घटनात्मक तरतुदीच्या आधारे तो निष्कर्ष काढण्यात आला, तिचा आशय त्या निष्कर्षाहून पुष्कळ व्यापक आहे. निकालपत्रात तो ध्वनित होतो, पण सांगितला जात नाही. त्या न सांगितलेल्या भागाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती. याचिकाकर्ते शिक्षक १९९६ पासून सेवेत होते. त्यांची शाळा खाजगी संस्थेची, शासनमान्य व अनुदानित. तिने सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण केले होते. सकाळच्या परिपाठास हे शिक्षक उपस्थित राहत, प्रार्थना चालू असता उभेही राहत. मात्र ते हात जोडीत नसत. २००७ पासून व्यवस्थापनाने हे वर्तन शिस्तभंगात गणले, आणि बारा वर्षांच्या सेवेनंतर देय होणारी वरिष्ठ वेतनश्रेणी त्यांना नाकारण्यात आली. न्या. अभय ओक व न्या. रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने संविधानाच्या अनुच्छेद २८ मधील तिसऱ्या खंडाचा आधार घेतला. मान्यताप्राप्त व अनुदानित संस्थेतील शिक्षकास धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास अथवा धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येणार नाही, आणि तशी सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग होय, असे ठरवून त्यांनी वेतनश्रेणी देण्याचा आदेश दिला.

एका माणसाच्या दोन हातांवरून उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, याचे बाहेरच्या वाचकास कदाचित हसू येईल. नाशिकच्या वाचकास येऊ नये. २ मार्च १९३० रोजी याच नगरीत काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तोही ज्यांना मूर्तीपुढे हात जोडू दिले जात नव्हते अशा लोकांचा होता. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यात येवले येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. हात जोडण्याचा अधिकार आणि न जोडण्याचा अधिकार हे एकाच स्वातंत्र्याचे दोन भाग आहेत, ही गोष्ट या जिल्ह्याच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते तितकी ती घटनाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसते.

आता तरतुदीकडे वळू. अनुच्छेद २८ चे तीन खंड आहेत. पहिल्या खंडानुसार, जी शिक्षणसंस्था संपूर्णतः राज्याच्या निधीतून चालते तीत धार्मिक शिक्षण देता येत नाही. दुसऱ्या खंडाने, धर्मादायातून वा न्यासातून निर्माण झालेल्या पण राज्याच्या प्रशासनाखाली असलेल्या संस्थांचा अपवाद केला आहे. तिसरा खंड मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थांविषयी आहे. अशा संस्थेत येणाऱ्या कोणाही व्यक्तीने, ती अज्ञान असल्यास तिच्या पालकाने, संमती दिलेली असल्याखेरीज तिला धार्मिक शिक्षणात भाग घ्यावयास किंवा धार्मिक उपासनेस उपस्थित राहावयास लावता येत नाही. महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खाजगी अनुदानित संस्थांनी उचललेला असल्यामुळे येथे व्यवहारात महत्त्व आहे ते या तिसऱ्या खंडाला.

या खंडातील ‘संमती’ या शब्दावर आमचा सारा भर आहे, आणि त्याचे मोल कळण्यासाठी त्याची पूर्वपीठिका पाहावी लागते. शाळा, धर्म आणि राज्य यांच्या संबंधांचा जो नमुना ब्रिटिश राजवटीत आपल्यापुढे होता तो निराळा होता. १८७० च्या इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षणविषयक अधिनियमाने पालकास अशी मुभा दिली की, धार्मिक शिक्षण वा उपासना चालू असता त्याने आपले मूल वर्गातून काढून घ्यावे. त्यासाठी धर्माचा तास दिवसाच्या आरंभी वा शेवटी ठेवावा, असा दंडकही घातला. हिंदुस्थानात १८५४ च्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवले, पण मिशनरी शाळांना अनुदान मिळण्याचा मार्ग मोकळा केला. नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत व शाळा होती. तेथे शिकलेल्यांपैकी काही तरुण पुढे लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात आफ्रिकेत गेले, ही हकीकत अनेकांना ठाऊक असेल. अशा शाळांतून बायबलचा तास हा नित्यक्रमाचा भाग असे. १८८२ च्या हंटर आयोगापुढे हा प्रश्न आला तेव्हा उपाय सुचविला गेला तो इंग्लंडच्याच वळणाचा: जेथे त्या दर्जाची एकच शाळा असेल तेथे पालकास मूल धार्मिक तासातून काढून घेता यावे, आणि त्यामुळे शाळेच्या इतर लाभांस ते मुकू नये.

या व्यवस्थेत गृहीत काय धरले आहे? मूल सहभागी आहे, हेच. ज्याला नको असेल त्याने उठावे, सांगावे, बाहेर जावे. नकाराचा उच्चार हा त्याचा भार. आपल्या घटनाकारांनी नेमके हे गृहीत उलटे केले. तिसऱ्या खंडाची रचना अशी आहे की, मूल सहभागी नाही हे मूळ गृहीत. सहभागी करून घ्यावयाचे तर संस्थेने आधी संमती मिळवावी. भार व्यक्तीवरून संस्थेवर गेला. शब्दांतला हा फरक लहान आहे, पण परिणामाने फार मोठा आहे. ७ डिसेंबर १९४८ रोजी मसुद्यातील या अनुच्छेदावर संविधान सभेत जी चर्चा झाली तीत डॉ. आंबेडकरांनी मांडलेली कारणे पाहिली की तो हेतुपूर्वक केलेला असावा असे वाटते. सर्वांच्या करांतून चालणाऱ्या शाळेत एकाचा धर्म शिकविणे अन्यायाचे. एका गावात, एका वर्गात अनेक धर्मांची मुले. आणि हे धर्म परस्परांविषयी उदासीन नसून प्रत्येकाचा तारक मार्ग दुसऱ्याच्या मार्गाला खोटा ठरविणारा, असा त्या युक्तिवादाचा रोख होता. चर्च आणि राज्य यांची फारकत ही पाश्चात्त्य संज्ञा आपल्याकडे तंतोतंत बसत नाही ती याच कारणाने. फारकत करावयाला एक चर्च येथे कधी नव्हतेच. येथे प्रश्न बहुसंख्यांच्या सवयीचा होता. आणि सवयीला स्वतःचे धार्मिकपण सहसा दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर नाशिकचा निवाडा पुन्हा वाचावा. व्यवस्थापनाची बाजू शिस्तीची होती, आणि अशा वादांत संस्थांकडून एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: प्रार्थना ही कोणत्या एका धर्माची नाही, ती संस्कारासाठी आहे. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. मराठी शाळांतून म्हटल्या जाणाऱ्या कित्येक प्रार्थना खरोखरच पंथनिरपेक्ष आशयाच्या आहेत. साने गुरुजींची प्रेमाला धर्म मानणारी प्रार्थना हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. पण शब्दांचा आशय एक असतो आणि त्याभोवती उभ्या केलेल्या विधीचा दुसरा. रांगा, मिटलेले डोळे, जोडलेले हात, पुढे कोणी दिसत नसता केलेले नमन, हा सारा आकृतिबंध मंदिरातून किंवा घरच्या देवघरातून आलेला आहे, आणि मुलाला तो तसाच ओळखू येतो. यावर कोणी म्हणेल की, आपण पाहुण्यालाही हात जोडतो, मत मागणारा उमेदवारही आपल्याला हात जोडतो, मग त्यात धर्म कोठला? बरोबर आहे. हात जोडण्याचा अर्थ कोणापुढे व कशासाठी जोडले यावर ठरतो, आणि म्हणूनच तो अर्थ शाळेच्या व्यवस्थापनाने ठरवून भागत नाही. ज्याच्या हातांचा प्रश्न आहे त्याला त्यात उपासना दिसत असेल, तर व्यवस्थापनाने ‘ती उपासना नव्हे’ असे सांगणे म्हणजे त्याच्या विवेकबुद्धीचे काम आपल्याकडे घेणे होय.

व्यवस्थापन येथे एका शृंगापत्तीत सापडते. प्रार्थना धार्मिक नाही म्हणावे, तर मग हात जोडण्याचाच एवढा आग्रह का, याचे उत्तर द्यावे लागते. आदराने उभे राहणे शिस्तीस पुरेसे असावयास हवे. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले होते. केरळमधील यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. न्या. चिनप्पा रेड्डी यांच्या पीठाने ते निष्कासन घटनाबाह्य ठरविले. राष्ट्रगीताबाबत जे मान्य झाले ते सकाळच्या प्रार्थनेबाबत अमान्य होण्याचे कारण नाही. उलट, प्रार्थना धार्मिक आहे असे म्हणावे, तर तिसरा खंड लागू होतो आणि संमतीची अट येते.

खंडपीठाने दुसरा मार्ग धरला: तिसरा खंड लागू केला. आणि येथेच निकालपत्र जेथे थांबते तेथून पुढचा प्रश्न सुरू होतो. त्या परिपाठाला तिसरा खंड लागू असेल, तर तो एका शिक्षकापुरता लागू असू शकत नाही. त्याच पटांगणात त्याच वेळी शेकडो विद्यार्थी उभे होते. खंडातील शब्द ‘शिक्षक’ हा नाही, संस्थेत येणारी ‘कोणतीही व्यक्ती’ असा आहे. अज्ञान पाल्यांचा व पालकांचा स्वतंत्र उल्लेख त्यात आहे, म्हणजे तो प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठीच लिहिला गेला. मग त्या विद्यार्थ्यांच्या पालकांची संमती कोणी, केव्हा, कोणत्या स्वरूपात घेतली होती? न्यायालयापुढे हा प्रश्न नव्हता, आणि न्यायालयाने पुढ्यात नसलेल्या प्रश्नावर मत देऊ नये हा संयम योग्यच आहे. परंतु टीकाकारावर तसे बंधन नाही.

निवाड्याचा जो अर्थ शाळांपर्यंत पोहोचतो तो असा की, ‘कोणी हरकत घेतली तर त्याच्यावर सक्ती करू नये.’ हा १८७० च्या नियमाचा अर्थ आहे, अनुच्छेद २८ चा नव्हे. पोटनियमाप्रमाणे चालणाऱ्या संस्थेविरुद्ध, वेतन अडकले असता, अनेक वर्षे दाद मागत राहण्याइतके धैर्य एका प्रौढ शिक्षकाला लाभले. आठ वर्षांच्या मुलाकडून त्याची अपेक्षा कशी करावी? वर्गातली इतर सारी मुले हात जोडून उभी असता एकट्याने हात खाली ठेवणे हे मुलाच्या दृष्टीने मतप्रदर्शन नसते, ती केवळ नामुष्की असते. पालकही बहुधा गप्प राहतात. गावात शाळा एक आणि मुख्याध्यापकाशी रोज गाठ. म्हणूनच घटनाकारांनी नकाराची वाट पाहिली नाही, संमती मागितली. शाळेच्या प्रवेशाच्या वेळी मुलाचा धर्म व जात यांची नोंद आपण न चुकता करून घेतो. त्याच पानावर परिपाठातील प्रार्थनेविषयी पालकाची संमती विचारणारा एक रकाना असावा, हे मात्र पाऊण शतकात रूढ झाले नाही.

येथे पहिल्या खंडाकडेही जाता जाता पाहिले पाहिजे, कारण त्यात एक पोकळी आहे. त्यात बंदी आहे ती ‘धार्मिक शिक्षणा’ला; ‘उपासना’ हा शब्द फक्त तिसऱ्या खंडात येतो. मग संपूर्णतः शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेतील प्रार्थनेचे काय? केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत व हिंदी प्रार्थनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेत हाच प्रश्न उभा राहिला. त्या प्रार्थनेतील संस्कृत वचन बृहदारण्यक उपनिषदातले आहे. त्यातील सत्य सार्वत्रिक आहे, असे सरकारच्या वतीने सांगण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये न्या. नरिमन यांच्या पीठाने प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविण्याचा आदेश दिला. धर्माचा अभ्यास आणि धर्माचे शिक्षण यांत भेद करावा, हे संविधान सभेतही मान्य झाले होते, आणि २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अभ्यासक्रमातील धर्मांच्या परिचयाला त्याच भेदावर मान्यता दिली. उपनिषद वर्गात वाचणे हा अभ्यास. ते रोज सकाळी रांगेत उभे राहून, डोळे मिटून म्हणणे हा अभ्यास म्हणवत नाही.

परदेशांतील दोन उदाहरणे येथे तुलनेस उपयोगी पडतात. अमेरिकेत १९६२ च्या एंजल विरुद्ध व्हिटाले प्रकरणात न्यूयॉर्कच्या शिक्षणमंडळाने रचलेली एक लहानशी प्रार्थना घटनाबाह्य ठरली. ती कोणत्याही पंथाची नव्हती, नको असेल त्या मुलास बाहेर जाण्याची मुभाही होती. तरीही न्यायालय म्हणाले की, प्रार्थना रचणे हे शासनाचे कामच नव्हे. तेथे बंधन संस्थेवर आहे. फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांनी ठळक धार्मिक चिन्हे धारण करण्यावर बंदी घातली. म्हणजे तेथे बंधन मुलांवरही आले. आपली घटना या दोहोंहून भिन्न आहे. ती अनुदानित संस्थेला प्रार्थनेची मोकळीक देते, पण ती संमतीच्या अटीवर. अलीकडे मात्र आपला व्यवहार फ्रान्सच्या दिशेने सरकत असल्याचे दिसते, आणि तेही अर्धेच. कर्नाटकात फेब्रुवारी २०२२ च्या शासकीय आदेशानंतर हिजाब परिधान करणाऱ्या विद्यार्थिनींना वर्ग बंद झाले. उच्च न्यायालयाने मार्चमध्ये तो आदेश उचलून धरला, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. मुंबईत चेंबूर येथील एका महाविद्यालयाच्या तशाच नियमाविरुद्धची याचिका जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाला अंशतः स्थगिती देताना, टिळा वा टिकली यांवरही बंदी घालणार काय, असे महाविद्यालयास विचारले. विद्यार्थिनीच्या डोक्यावरील वस्त्राची चिकित्सा इतक्या बारकाईने होते, आणि संस्थेच्या पटांगणातील विधी मात्र कोणी शिक्षक वेतनश्रेणीसाठी न्यायालयात जाईपर्यंत चिकित्सेबाहेर राहतो. अनुच्छेद २८ चा रोख संस्थेवर आहे, व्यक्तीवर नाही, याचा विसर पडल्याचे हे लक्षण आम्हांस वाटते.

संमतीच्या तत्त्वाने सगळेच प्रश्न सुटतात असा दावा येथे नाही. कृतीला संमती देता येते वा नाकारता येते. भिंतीवरच्या चित्राला कशी द्यावी? सप्टेंबर २०२२ मध्ये येवल्याचे आमदार छगन भुजबळ यांनी सत्यशोधक समाजाच्या दीडशे वर्षांच्या निमित्ताने झालेल्या कार्यक्रमात, शाळांतून सरस्वती व शारदा यांच्या प्रतिमांऐवजी सावित्रीबाई, जोतीराव, शाहू महाराज, आंबेडकर, कर्मवीर भाऊराव पाटील यांची चित्रे असावीत असे म्हटले, आणि त्यावरून वादळ उठले. त्यांचा प्रश्न ऐतिहासिक कृतज्ञतेचा होता, घटनेचा नव्हता. पण घटनेच्या दृष्टीनेही तो विचारता येतो. इटलीतील वर्गांमधील क्रूसाविषयी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०११ मध्ये असे ठरविले की, भिंतीवरचे चिन्ह स्वतः निष्क्रिय असते. ते उपदेश करीत नाही. हे मत आम्हांस पुरते पटत नाही. रोज सात तास समोर असलेले चित्र आणि त्याला घातलेला ताजा हार यांतून शाळा कोणाच्या घरासारखी आहे हे मुलाला नकळत कळते. परंतु आपल्या अनुच्छेदाचे शब्द ‘शिक्षण’ आणि ‘उपासना’ हे आहेत, ‘चिन्ह’ हा शब्द त्यांत नाही. त्यामुळे केवळ चित्रावरून न्यायालयात जाणाऱ्याचा मार्ग कठीण आहे, हे मान्य करावे लागते.

तथापि चित्र केव्हा उपासनेत शिरते हे ओळखणे फार अवघड नसते. दसऱ्याला मराठी शाळांतून पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढण्याची जुनी रीत आहे. अंक गिरवावयाला शिकणाऱ्या मुलाचे ते चित्र आहे, आणि त्यात कोणत्याही घरच्या मुलाला आनंद वाटावा. पाटी भिंतीशी मांडली, तिला हळदकुंकू वाहिले आणि मुलांना रांगेने येऊन नमस्कार करावयास सांगितले, की तेथून तिसरा खंड सुरू होतो. आदल्या दिवशी पालकांना धाडलेल्या चिठ्ठीत एवढे लिहिले तरी पुरे की, चित्र सर्वांनी काढावे, पूजेला ज्यांची संमती आली आहे त्यांनी थांबावे.